हवा कुठे भरायची?

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी गेल्या पावसाळ्यात लागोपाठ तीन दिवस उशिरा आल्या. तिसऱ्या दिवशी विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "सायकल बसलीय काका, चालत येते." पंक्चर काढून घ्यायला काय झालं, यावर त्यांचं उत्तर असं : "कोपऱ्यावरचा म्हणतो, सायकलीचं नाही काढत. सोल्युशनच ठेवत नाही आता. सगळं ट्यूबलेस." मग मी त्यांना आमच्या घरापासून चारशे पावलांवर असलेल्या सायकलच्या दुकानाची आठवण करून दिली. मावशी रोज त्याच्यासमोरूनच जातात. त्या हसल्या. "ते शर्यतीच्या सायकलींचं दुकान आहे. आपली कशाला हातात धरतील?"

पुण्यात सायकलीचं काय झालं याचा इतका नेमका अहवाल कुठल्याही सल्लागार संस्थेनं दिला असेल असं मला वाटत नाही. एका बाजूला पंक्चरवाला, त्याला सायकलीचं काम परवडेनासं झालं आहे. दुसऱ्या बाजूला सायकलवेड्या माणसांनी पदरमोड करून चालवलेलं दुकान, ते रोज सायकलवर कामाला जाणाऱ्या बाईला आपलं वाटत नाही. आणि या दोघांच्या मध्ये तिची सायकल जिन्याखाली गंजत पडते.

गल्लीतलं सायकलचं दुकान हा शहराच्या वाहतूक व्यवस्थेचा भाग आहे आणि महापालिकेनं, सरकारनं त्याच्याकडे तसंच पाहायला हवं, असं माझं म्हणणं आहे. डेपोशिवाय बससेवा आखायला कुणी बसणार नाही. दुरुस्तीच्या दुकानाशिवाय सायकलसेवा मात्र आपण गेली वीस वर्षं आखतो आहोत.

आठवून बघा. 2006 नंतर जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहरविकास योजनेच्या पैशांतून बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, आली, तिच्याबरोबर सातारा रस्त्यावर आणि सोलापूर रस्त्यावर सायकल ट्रॅक आले. त्यांच्यावर पुढे काय काय उभं राहिलं ते पुणेकरांना सांगायला नको. 2017 च्या डिसेंबरात महापालिकेच्या मुख्य सभेनं शेकडो कोटींचा सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्याच महिन्यात औंधमध्ये आणि विद्यापीठाच्या आवारात भाड्याच्या सायकली उतरल्या. वर्षभरात ओफो, मोबाइक, युलू अशी कंपन्यांची रांग लागली. मोबाइकनं तर भारतातली सुरुवातच पुण्यापासून केली. 2026 च्या जानेवारीत पुणे ग्रँड टूर ही 437 किलोमीटरची आंतरराष्ट्रीय शर्यत झाली आणि तिच्या वाटेवरचे रस्ते गुळगुळीत झाले. ट्रॅकवर चर्चा झाली, रंगावर झाली, ॲपवर झाली, शर्यतीच्या मार्गावर झाली. मागच्या चाकाची तार तुटली तर माणसानं कुठे जायचं, यावर चर्चा झालेली माझ्या कानावर नाही.

भाड्याच्या सायकलींचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. दोन वर्षांच्या आत त्यातल्या बहुतेक कंपन्यांनी गाशा गुंडाळला. नदीकाठी, झुडपांत, सोसायट्यांच्या मागे सीट नसलेल्या, पायडल तुटलेल्या सायकली दिसायला लागल्या आणि शहाण्यांनी निष्कर्ष काढला की पुणेकरांना शिस्त नाही. नसेलही. पण याच शहरात तासावर सायकल भाड्यानं देणारी दुकानं कित्येक दशकं चालली. त्या दुकानदाराकडे जीपीएस नव्हतं. वहीत नाव आणि वेळ लिहायची, बस. त्याचं खरं तारण म्हणजे तो तुमच्या वडिलांना ओळखायचा. सायकल वाकडी करून आणलीत तर संध्याकाळपर्यंत घरी कळायचं. शिवाय पायडल सैल झालं तर ते आवळणारा माणूस त्याच दारात बसलेला असायचा. कंपनीच्या सायकलीला इलेक्ट्रॉनिक कुलूप होतं, ॲप होतं, रस्त्यावर उभी राहायला जागा होती. गल्लीत मात्र तिचं कुणी नव्हतं. एखाद्या सायकलीची साखळी उतरली की ती ज्या जागी उतरली तिथेच ती सायकल संपली.

आता त्या जुन्या दुकानाबद्दल थोडं सांगतो, कारण त्याच्याबद्दल आपण हळवे होतो पण ते चालायचं कसं ते विसरतो. दारात पाण्याचं घमेलं, भिंतीला टांगलेले टायर, लाकडी खोक्यात वॉशर, छर्रे आणि कॉटर पिना, डालड्याच्या डब्यात ग्रीस. चाक स्टँडला लावून, तोंडात विडी धरून, एकेक तार चिमटीत घेऊन चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढणारा माणूस. हे सगळं एका गोष्टीवर उभं होतं : माप एकच होतं. काळी उभी सायकल हर्क्युलसची असो, ॲटलसची असो की हीरोची, टायर 28 बाय दीडचा, पुढच्या चाकाला 32 तारा आणि मागच्याला 40, क्रँकला कॉटर पिन. इंग्रजांच्या रोडस्टरवरून उचललेला हा साचा पन्नास-साठ वर्षं जवळजवळ हलला नाही. त्यावर आपण हसलो, कारखानदारांना आळशी म्हटलं. पण त्या आळशीपणाचा एक फायदा होता. गोंदियात घेतलेल्या सायकलीला कोल्हापुरातला आस बसायचा. दुकानदाराला दोन मापांचे टायर आणि चार डबे सुटे भाग ठेवले की परिसरातली कुठलीही सायकल उभी करता यायची. एवढ्याशा भांडवलावर माणूस दुकान थाटायचा, म्हणून दर दोन गल्ल्यांआड एक दुकान होतं.

मग गिअर आले, डिस्क ब्रेक आले, ॲल्युमिनियम आलं. चांगलंच झालं. सिंहगडाच्या चढावर माझ्या गुडघ्यांनी याबद्दल वेळोवेळी आभार मानले आहेत. पण माप फुटलं. मावशींची सायकल 26 इंची. माझी जुनी गिअरची सायकलही 26 इंची. तरी एकीचा टायर दुसरीला बसत नाही, कारण एकीच्या रिमचा व्यास 590 मिलिमीटर आणि दुसरीचा 559. उलट 29 इंची आणि 700सी ही नावं दोन, रिम एकच, 622 ची. ट्यूबच्या तोंडाचे तीन प्रकार : देशी सायकलीचं रबरी नळीवालं, मोटारीसारखं जाड, आणि रेसिंगच्या सायकलीचं बारीक. हे नुसतं टायर-ट्यूबचं झालं. मागचा गिअर ज्या छोट्या पट्टीला लटकतो तिला हँगर म्हणतात. सायकल पडली तर महागाचा गिअर वाचावा म्हणून ती मुद्दाम मऊ धातूची करतात. आधी ती वाकते. कल्पना उत्तम. पण जवळजवळ प्रत्येक कंपनीच्या, पुष्कळदा एकाच कंपनीच्या प्रत्येक मॉडेलच्या हँगरचा आकार वेगळा असतो. हाताच्या बोटाएवढी ती पट्टी मिळाली नाही, तर तीस हजारांची सायकल महिनाभर उभी. सगळ्यांना एकच हँगर बसावा म्हणून 2019 मध्ये स्रॅम या अमेरिकी कंपनीनं एक सामाईक आकार पुढे केला, पण तो दिसतो बहुतेक महागड्या सायकलींवर. आपल्या केंद्र सरकारनं 2022 मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' म्हणून पोर्टल काढलं. त्यात चार क्षेत्रं घेतली : शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि मोटारी. सायकलीचं स्वतंत्र नाव त्यात नाही. ज्या वाहनाची दुरुस्ती सर्वांत सोपी, त्याच वाहनाच्या दुरुस्तीचा हक्क कुणाला मागावासा वाटला नाही.

माप फुटल्यावर जुना दुकानदार मागे पडला आणि नवा आला. हा नवा बहुधा स्वतः सायकल चालवणारा. कुणी आयटीतली नोकरी सोडलेला, कुणी दोनशे-तीनशे किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरल्या वेळात पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, करता करता हात काळे करायला शिकलेला. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, सहाशे चाळीस तासांत, असा तो हिशेब. रात्री दोन वाजता घाटात साखळी तुटली की माणूस मेकॅनिक होतो किंवा ट्रकला हात दाखवतो. या मंडळींनी महाराष्ट्राला बरंच दिलं आहे. 2015 मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या संघात 'रेस अक्रॉस अमेरिका' ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पुरी केली, 2017 मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्यानं पुरी केली. असे पराक्रम होतात तेव्हा आपण खेळाडूचं कौतुक करतो आणि ते योग्यच. पण अशी हवा शहरात तयार होते ती दुकानाच्या बाकावर. रविवारी पहाटे साडेपाचला कुठे जमायचं, नवख्याला कुणाच्या मागे ठेवायचं, पाठ दुखते म्हणून सीट किती वर घ्यायची, हे तिथे ठरतं.

आमच्या चारशे पावलांवरचं दुकान असंच आहे. दोन मित्रांचं. मी तिथे बराच वेळ काढतो, कधीकधी काहीही न घेता, म्हणून त्यांचा धंदा कसा चालतो ते मला थोडंफार दिसतं. हौसेला मोल नसतं, ही म्हण त्यांच्या बाबतीत शब्दशः खरी आहे : त्यांच्या हौसेचं मोल कुणी देत नाही. गिऱ्हाईक दुकानात येतं, तासभर माहिती घेतं, तीन सायकलींवर बसून बघतं आणि घरी जाऊन ऑनलाइन मागवतं. आठवड्यानं तीच सायकल खोक्यातून अर्धवट जोडलेली येते आणि हा गृहस्थ ती घेऊन पुन्हा दुकानात येतो. हँडल बसवून, ब्रेक लावून, गिअर जुळवून द्या. दीड तासाच्या कामाचे पाचशे रुपये सांगितले की त्याचा चेहरा उतरतो. "दोनच तर स्क्रू फिरवलेत!" हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. ते दोन स्क्रू कोणते आणि किती फिरवायचे, याचेच ते पाचशे रुपये असतात, पण आपल्याकडे वस्तूला किंमत असते, हाताला नसते. मोटारीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये 'लेबर चार्जेस' म्हणून आठ हजारांचं बिल मुकाट्यानं भरणारा माणूस सायकलच्या दुकानात पन्नास रुपयांवर घासाघीस करतो. मीही केली आहे, हे कबूल करतो.

2020 च्या टाळेबंदीत सगळ्यांना सायकल आठवली. दुकानांपुढे रांगा लागल्या, माल मिळेना. याच वर्षी 3 जूनला, जागतिक सायकल दिनाच्या दिवशीच, ॲटलसनं साहिबाबादचा कारखाना बंद केला, हा काव्यगत न्याय की अन्याय ते ज्यानं त्यानं ठरवावं. मग रस्ते उघडले, गाड्या परत आल्या आणि त्या वर्षी घेतलेल्या सायकली बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या कामी आल्या. दुकानदार म्हणतो, त्यातल्या निम्म्या सायकलींना फक्त हवा आणि तेल हवं आहे. ही अर्थात त्याची अटकळ, पण माझ्या इमारतीच्या पार्किंगमध्ये मोजून आलो तर आकडा फार चुकीचा वाटला नाही.

आता या दुकानांची बाजू घेताना त्यांचा दोषही सांगितला पाहिजे, नाहीतर मावशींशी बेइमानी होईल. हौशी माणसांच्या दुकानात हौशी माणसांचीच भाषा चालते. काचेच्या दारामागे लाखाची कार्बनची सायकल टांगलेली, भिंतीवर फ्रेंच शर्यतीचा नकाशा, बोलण्यात वॅट आणि केडन्स. यात वाईट काही नाही. पण रोज बारा किलोमीटर सायकल मारणारा सुरक्षा रक्षक त्या दारात उभा राहतो, तेव्हा त्याला वाटतं आपण चुकीच्या ठिकाणी आलो. खरं तर तो त्या दुकानातल्या निम्म्या गिऱ्हाइकांपेक्षा जास्त सायकल चालवतो, वर्षाचे तीनशे दिवस, पावसातही, चकचकीत कपड्यांशिवाय. त्याला सायकलपटू कुणी म्हणत नाही. काही दुकानदार तर स्पष्ट सांगतात की काळी सायकल घेत नाही : घाण होते, सुटे भाग ठेवावे लागतात, पैसे सुटत नाहीत. तिन्ही कारणं खरी आहेत. बायकांचा अनुभव आणखी वेगळा; बायको सायकल घेऊन आली तरी बिघाड काय ते नवऱ्याला विचारणारे महाभाग मी पाहिले आहेत.

त्या दिवशी मी मावशींबरोबर गेलो. दुकानातल्या धाकट्यानं चाक फिरवून पाहिलं, टायरातून काचेचा तुकडा काढला, आतून बोट फिरवून दुसरा शोधला. मग म्हणाला, "मावशी, टायर गेलाय. ट्यूब लावून देतो, पण महिनाभरच चालेल." 590 चा टायर त्याच्याकडे नव्हता. नाना पेठेतून मागवावा लागेल, दोन दिवस थांबा. चाळीस रुपये घेतले. मावशी बाहेर आल्यावर म्हणाल्या, "चांगलं पोरगं आहे." त्या दुकानात गेल्या नाहीत तोवर ते चांगलं आहे हे त्यांना कळायची सोय नव्हती, आणि असं गिऱ्हाईक आहे हे त्यालाही कळायची नव्हती. आता तो तो टायर ठेवतो. चार ठेवतो, म्हणजे चारांत त्याचे काही शे रुपये अडकलेले असतात, कधी विकले जातील त्याचा नेम नाही.

इथेच सार्वजनिक प्रश्न येतो. ते चार टायर कुणाच्या खर्चानं ठेवायचे?

बाजार म्हणेल, विकले जात नसतील तर ठेवू नका. हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. दुकानं गेली म्हणून पुण्यातली सायकल गेली, असंही मी म्हणणार नाही. शहर पसरलं, हिंजवडी-खराडीची अंतरं झाली आणि गाडी हप्त्यावर मिळू लागली. गंमत म्हणजे पुण्याच्या सायकलीला मागे टाकणारी वाहनं पुण्याच्याच उद्योगांची : 1972 मध्ये आकुर्डीतून बजाजची चेतक आली आणि त्याच वर्षी कायनेटिकची लुना. लुना तर पायडल मारून चालू होणारी, सायकलवाल्याला अलगद उचलून नेणारी. आधी गिऱ्हाईक गेलं, मग दुकान गेलं, हा क्रम मला मान्य आहे. पण उलट्या दिशेनं येताना तोच क्रम चालत नाही. ट्रॅक करा, सायकली येतील, मग दुकानं आपोआप येतील, असं आपण धरून चाललो. सायकली आल्या, पहिल्या पंक्चरला थांबल्या, आणि ट्रॅक रिकामा राहिला म्हणून त्यावर मोटारी लागल्या. मोटारी लागल्या म्हणून सायकलवाला गेला, असंही कुणी म्हणेल. दोन्ही खरं आहे. एकाच वेळी खरं आहे.

शिवाय बाजाराचा नियम सगळ्यांना सारखा लावायचा तर मोटारीलाही लावा. आमच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना फुकट उभ्या असलेल्या गाड्यांनी जी जागा व्यापली आहे, तिचं भाडं त्या सायकल दुकानाच्या दरानं काढलं, तर महापालिकेला मिळकतकर वाढवावा लागणार नाही. दुकानदार त्याच रस्त्यावर दोनशे चौरस फुटांचं महिन्याचं भाडं भरतो. त्यात तो लोकांच्या सायकलींत मोफत हवा भरून देतो.

इतर देशांनी दुरुस्तीवर सार्वजनिक पैसा घालून पाहिला आहे. फ्रान्सनं 2020 च्या मे महिन्यात, टाळेबंदी उठताना, जुनी सायकल नोंदणीकृत दुकानातून दुरुस्त करून घेणाऱ्याला 50 युरोपर्यंत मदत दिली. दहा लाखांहून अधिक सायकली त्यातून रस्त्यावर परत आल्या. ब्रिटननं त्याच उन्हाळ्यात 50 पौंडांची कुपनं काढली. स्वीडननं 2017 मध्ये सायकल, पादत्राणं आणि कपड्यांच्या दुरुस्तीवरचा कर 25 टक्क्यांवरून 12 वर आणला होता. या योजनांतली हुशारी अशी की पैसे नव्या सायकलीवर जात नाहीत. जी आहे ती चालती होते, आणि पैसा गल्लीतल्याच माणसाच्या हातात पडतो. आपल्याकडे 2025 च्या सप्टेंबरपासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला, हे पाऊल चांगलं आहे. पण आपली बाकी सगळी मदत खरेदीपाशी थांबते. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या 125 मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी 5000 रुपये मिळतात. सायकलीनं मुलींच्या शिक्षणाला हात दिल्याचं बिहारच्या 2006 च्या योजनेत अभ्यासकांना दिसलं आहे; तिथे माध्यमिक शाळेतली मुलींची नावनोंदणी सुमारे 30 टक्क्यांनी वाढली. अशा योजनेवर टीका करायची माझी हिंमत नाही. मला फक्त विचारायचं आहे की आठवीत मिळालेली सायकल दहावीत ब्रेकशिवाय चालवणारी मुलगी कुणाकडे जाते? वर्षाला तीनशे रुपयांचं दुरुस्तीचं कुपन त्या पाच हजारांना जोडलं, तर तालुक्याच्या गावात एक सायकल दुकान त्यावर उभं राहील. आणि ते दुकान उभं राहिलं की त्या मुलीच्या बापाची सायकलही चालेल.

शहरात काय करता येईल, तर त्याला नवा कायदाही लागत नाही. 2014 च्या पथविक्रेता कायद्यात रस्त्यावर वस्तू विकणाऱ्यांबरोबर सेवा देणारेही येतात. म्हणजे हातपंप, घमेलं आणि पान्यांची पिशवी घेऊन बसणारा पंक्चरवाला भेळवाल्याइतकाच परवान्याला पात्र आहे. नगर पथविक्रेता समितीनं त्याच्यासाठी जागा राखायची ठरवली तर राखता येते. 2022 च्या मार्चपासून मेट्रो सुरू आहे. घर ते स्थानक या एक-दोन किलोमीटरसाठी सायकलीइतकं सोयीचं दुसरं काही नाही. काही स्थानकांत गाळे आहेत, त्यात कॉफी मिळते. एक गाळा सवलतीच्या भाड्यानं सायकल दुरुस्तीला द्यायचा, मात्र एका अटीवर : कुठलीही सायकल परत पाठवायची नाही, आणि दरपत्रक बाहेर मराठीत लावायचं. हौशी दुकानदारानं सवलत हवी तर काळी सायकल हातात धरायची. मला वाटतं त्यातले बहुतेक आनंदानं धरतील. त्यांना सायकल आवडते. त्यांची अडचण भाड्याची आहे, मनाची थोडीशीच.

यातून फार तर काय निघणार, दहा-बारा पंक्चरवाले, असं म्हणणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट. 1888 साली बेळगावात किर्लोस्कर बंधूंचं सायकलचं दुकान निघालं. लक्ष्मणराव तेव्हा मुंबईला व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते. तिथून सायकली पाठवायचे, भाऊ रामूअण्णा बेळगावात विकायचे. पुढे त्याच हातांनी लोखंडी नांगर केला आणि 1910 मध्ये माळरानावर किर्लोस्करवाडी वसली. प्रत्येक सायकल दुकानातून कारखाना निघेल असं नाही, निघायची गरजही नाही. पण ज्या गल्लीत पोराला छर्रे, आस, ताण, पकड हे शब्द दहाव्या वर्षी हाताला कळतात, ती गल्ली वेगळी असते. आमच्या दुकानात शनिवारी सातवी-आठवीतली चार पोरं येऊन बसतात. त्यांना कुणी बोलावलेलं नाही. गेल्या महिन्यात त्यांतल्या एकीनं स्वतः चाकाचा आउट काढला. तासभर लागला आणि चाक आधीपेक्षा थोडं जास्त वाकडं झालं. धाकट्यानं ते पुन्हा सैल करून तिच्याच हातात दिलं.

पुणे महापालिकेत 2006 पासून नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक असतं. आपल्या भागातलं छोटं काम आपण सुचवायचं. मी यंदा एक अर्ज लिहिला आहे : मेट्रो स्थानकापाशी पत्र्याची एक शेड, त्यात सायकल टांगायचा स्टँड, साखळीनं बांधलेले चार पाने आणि एक पायपंप, आणि दिवसातून सहा तास बसणाऱ्या कारागिरासाठी ओटा. पाठवण्याआधी तो दुकानात वाचायला दिला. थोरल्यानं सावकाश वाचला, पेन मागितलं आणि 'पायपंप' या शब्दाच्या वर लिहिलं, 'तिन्ही तोंडांचा'. मग कागद परत देत म्हणाला, "आणि पान्यांची साखळी जरा लांब लिहा काका. मागच्या चाकापर्यंत पोचली पाहिजे."